किल्ट माझे, भाषण त्याचं

माझ्या गराजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नाही. टार्निट उपनगरातल्या आमच्या गल्लीत लोकांच्या गराजमध्ये गाड्या असतात, नाहीतर न वापरलेली ट्रेडमिल असते. माझ्या गराजमध्ये लोखंडी रॅकवर किल्ट लटकतात. लाल, हिरवे, निळे, काळपट. मोठ्यांचे आणि शाळेतल्या पोरांचे. लोकरीला कसर लागू नये म्हणून सगळीकडे डांबराच्या गोळ्या. आमच्या घरात शिरलं की आधी त्या गोळ्यांचा वास येतो आणि मग फोडणीचा. नवीन ओळख झालेली एखादी मराठी बाई विचारते, "हे काय गं, शाळेचे युनिफॉर्म शिवतेस का?" मी सांगते की हे स्कॉटिश पुरुष कमरेला बांधतात ते घड्यांचे पारंपरिक कपडे, मी भाड्याने देते. ती माझ्याकडे जरा वेळ बघते आणि विषय बदलते.

त्या बघण्याचं मला काही वाटत नाही. राग आहे तो वेगळ्याच बघण्याचा, आणि तो अजून गेलेला नाही.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला, माग दुसऱ्याचे. चौकडीचं कापड मी चालायला लागायच्या आधीपासून बघतेय. इथे स्टुडंट व्हिसावर आले, युनी संपली, आणि मनासारखी नोकरी काही मिळेना. तेव्हा वेशभूषा भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी इस्त्री करायला लागले. पुढे ते दुकान बंद करायचं ठरलं. मालकाने चालणारा माल आधी काढला. समुद्री चाचे, राजकन्या, चेटकिणी, सगळे गेले. किल्ट तेवढे राहिले. वजनाला भारी, धुवायला त्रासाचे, घड्या मोडल्या की बसवता बसवता कंबर मोडते. मी ते मागितले आणि आठवडाभर मालकाशी घासाघीस केली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घेऊन जा, पण हे रॅकसुद्धा उचलून न्यायचे." मला रॅक हवेच होते. तरी मी तोंड पाडून म्हटलं, "बरं, बघते."

किल्टबरोबर म्हातारा आला. तो त्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीने स्कॉटलंडहून आलेला. इथे आयुष्यभर ट्राम चालवली आणि रिटायर झाल्यावर शाळाशाळांतून स्कॉटलंडचा इतिहास सांगत फिरायला लागला. इथल्या शाळांत पाचवी-सहावीच्या मुलांना आमच्या या व्हिक्टोरिया राज्यात कुठून कुठून लोक आले ते शिकवतात. त्यात स्कॉटिश लोकांचा एक दिवस असतो. म्हातारा बोलायचा आणि दुकानातले किल्ट पोरांना घालायला मिळायचे. दुकान गेल्यावर किल्ट माझ्याकडे आले, म्हणून तो माझ्याकडे आला.

मग आमची जोडी ठरली. बुकिंग मी घ्यायची, शाळेशी भाव मी करायचा, गाडी मी चालवायची, पेट्या मी उचलायच्या. म्हाताऱ्याने वर्गात पुढे उभं राहून बोलायचं. मी मागे. तोंडात सेफ्टी पिना धरून पोरांच्या कमरेला पट्टे आवळत उभी. शाळेच्या कार्यक्रमाच्या कागदावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, "सोबत मदतनीस." बुकिंग माझं, माल माझा, धंदा माझ्या नावावर, आणि मी मदतनीस. हे मी वर्षानुवर्षं मागे उभी राहून वाचलं.

मागे उभी राहून त्याचं सगळं भाषण मला पाठ झालं. नुसतं पाठ नाही, त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं सजवलेलं तेही कळायला लागलं, कारण मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचायला लागले. म्हातारा सांगायचा की स्कॉटलंडच्या डोंगरातल्या प्रत्येक क्लॅनचं, म्हणजे कुळाचं, स्वतःचं टार्टन असतं. टार्टन म्हणजे ती चौकडी. हजार वर्षांपासून म्हणे प्रत्येक कूळ आपली चौकडी अंगावर वागवत लढाईला जायचं. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. मला मात्र ते ऐकताना इचलकरंजीचे व्यापारी आठवायचे. आमच्याकडे साडीचं डिझाईन खपत नसलं की व्यापारी त्याला एखाद्या नटीचं नाव देतो. आठ दिवसांत बायका त्याच नावाने साडी मागायला लागतात. पुस्तकांत मला नेमकं तेच सापडलं. आधी त्या डोंगरात ज्या खोऱ्यात जो रंग मिळेल आणि विणकराला जे जमेल ते कापड लोक नेसायचे. मग इंग्रज सरकारविरुद्धचं बंड मोडलं आणि डोंगरी लोकांचा पोशाखच कायद्याने बंद केला. फक्त सरकारच्या फौजेत भरती झालेल्यांना किल्ट घालायची मुभा. ती बंदी उठली तोवर एक अख्खी पिढी दुसरेच कपडे घालून मोठी झाली होती. पुढे इंग्रजांचा राजा स्कॉटलंडला आला तो स्वतःच किल्ट घालून, आणि एका रात्रीत सगळ्यांना आपापलं टार्टन हवं झालं. मग कापड गिरणीवाल्यांनी नमुन्यांच्या वह्यांत नंबरांच्या जागी कुळांची नावं लिहायला सुरुवात केली.

माझ्या दृष्टीने ही गोष्ट हजार वर्षांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी होती. सरकारने ज्यांचे कपडे काढून घेतले त्यांनाच गिरणीवाल्यांनी तेच कपडे पुन्हा विकून दाखवले! ही गोष्ट पोरांना सांगायची मला फार इच्छा होती. मी एकदा गाडीत म्हाताऱ्याला म्हटलं, "एखाद्या वेळी मी बोलते ना." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लॅस, तू किल्ट फार छान बांधतेस." लॅस म्हणजे पोरी. मी चाळिशीला टेकले तरी त्याच्या लेखी पोरच.

मग कोविड आला. शाळा बंद, लग्नं बंद, स्कॉटिश डोंगरी खेळांचे मेळावे बंद. रॅकवरचे किल्ट महिनोन् महिने तसेच लटकत राहिले. नवरा गोदामात शिफ्टला जायचा. मुलगी तिच्या खोलीतून ऑनलाइन शाळा करायची. मी घरभर चिडचिड करत फिरायची. शेजारच्या ट्रुगानिनातल्या दोन-तीन बायकांना दर पाडव्याला आणि गणपतीत नऊवारी नेसवून द्यायचं माझं दुसरं काम होतं, तेही बंद. हात नुसते शिवशिवायचे.

दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई होती तेव्हा, शहराच्या पूर्वेकडच्या एका शाळेतून फोन आला. आमची जुनी शाळा. कार्यक्रमाचं बघणारी टीचर म्हणाली की त्यांना यंदाही स्कॉटिश दिवस करायचाय, व्हिडिओ कॉलवर.

मी लगेच म्हटलं, "करू या. यंदा मी बोलीन."

ती गोड आवाजात म्हणाली, "ओह, लव्हली. पण मुलांना त्याचा ॲक्सेंट फार आवडतो. ऑथेंटिक वाटतं ना. तू कपडे दाखवशील का, नेहमीसारखे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाईक तोडायचं नसतं. मी म्हटलं, "नो वरीज, मी त्याच्याशी बोलून कळवते," आणि फोन ठेवून किचनमधलं एक भांडं जरा जोरात आपटलं.

मुलगी खाली आली. "व्हॉट हॅपन्ड, आई?"

मी सांगितलं. ती फ्रिजमधून दूध काढत म्हणाली, "बट आई, यू आर नॉट ईव्हन स्कॉटिश."

"मग तुमचे सर इजिप्त शिकवतात, ते काय ममी आहेत?"

"दॅट्स डिफरंट."

"कसं डिफरंट?"

तिने खांदे उडवले आणि ग्लास घेऊन वर गेली. नवरा सोफ्यावरून म्हणाला, "सोड ना. तो बोलेल, तू दाखव. बुकिंग तर मिळतंय." गोदामात पेट्या उचलून दमलेल्या माणसाशी भांडायला नको म्हणून मी ओटा आवरायला घेतला. पण मनात ठरवून टाकलं की हा कार्यक्रम होईल तर निम्मा माझ्या तोंडून होईल.

म्हाताऱ्याला फोन केला. तो पाच किलोमीटरच्या खूप पलीकडे एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. फोन उचलला की पहिली दहा वाक्यं प्रीमियरच्या, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्याच्या, रोजच्या पत्रकार परिषदेबद्दल. ती होऊ दिली.

"निम्मा वेळ तुझा, निम्मा माझा," मी म्हटलं.

"निम्मा? कापडावर कोण एवढं बोलतं? कापड म्हणजे कापड."

"तू एका लढाईवर निम्मा तास घेतोस. आणि ती लढाई तुम्ही हरलात."

तो म्हणाला, "हे जरा लागलं हं, लॅस."

"लागू दे. लॅपटॉपवर कॉल लावता येतो का तुला?"

"बटण दाबायचं असतं."

"कुठलं?"

पलीकडून नुसती कीबोर्डची टकटक.

"मी फोनवरून सांगेन कुठलं ते," मी म्हटलं. "नाहीतर तू आणि तुझा ॲक्सेंट दोघंही म्यूटवर."

मग घासाघीस खरी सुरू झाली. लढाया, राजे आणि कुळं त्याने स्वतःकडे ठेवली. कापड, पोशाखबंदी आणि शेवटचा भाग मला. शेवटचा भाग म्हणजे जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना घरांतून हाकललं आणि त्यातले कितीतरी बोटीत बसून इकडे आले तो. तो भागही म्हातारा सोडेना, कारण त्याचे आईवडीलही बोटीनेच आले होते. मी म्हटलं, "तुझी बोट सरकारने तिकीट काढून पाठवलेली. ती वेगळी." तो हसला आणि त्याने तो भाग सोडला. एकच अट घातली, की गिरणीवाल्यांची गोष्ट सांगायची नाही.

"का? खोटी आहे?"

"खरी आहे. मला काय माहीत नाही का? पण माझ्या आईने मरेपर्यंत एक टार्टनची शाल जपली, आमच्या कुळाची म्हणून. ती गिरणीच्या वहीतली आहे हे मी दहा वर्षांच्या पोरांना सांगत बसू?"

मी म्हटलं, "बघू." घासाघिशीत 'बघू' म्हणजे काय ते त्यालाही कळत होतं.

टीचरला कळवलं की दोघंही बोलणार. तिने फक्त "ओके, पण पॉझिटिव्ह ठेवू या" एवढं लिहिलं.

मी खरा जुना किल्ट बांधून दाखवायचं ठरवलं. आता शिवलेला, घड्या पक्क्या केलेला किल्ट मिळतो, पण पूर्वी तसं नव्हतं. अरुंद मागावर विणलेलं नऊएक वार कापड मधोमध कापायचं आणि दोन तुकडे शेजारी शेजारी शिवायचे. ते जमिनीवर पसरायचं, खाली कमरेचा पट्टा सरकवायचा, मधल्या भागाला हाताने घड्या घालायच्या आणि मग माणसाने त्या घड्यांवर चक्क आडवं व्हायचं. दोन्ही टोकं पोटावर घेऊन पट्टा आवळायचा आणि उठायचं. कमरेवरचं उरलेलं कापड लोंबतं, ते उचलून खांद्यावर टाचायचं. डोंगरात तेच पांघरूण, तीच पिशवी, तोच तंबू. वर्गात हे दाखवायला कधी जागाच मिळाली नव्हती. आता अख्खं गराज होतं. माणूस म्हणून नवरा होता.

त्याला पटवायला दोन दिवस गेले. "मी हाफ पँट काढणार नाही," एवढीच त्याची अट होती.

कार्यक्रमाच्या दिवशी गराजच्या एका रॅकवर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर पोरांच्या चौकटी, कुणी पायजम्यात, कुणाच्या मांडीवर कुत्रं. एका चौकटीत म्हाताऱ्याचं फक्त कपाळ. टीचरने ओळख करून दिली. त्याची ओळख लांबलचक आणि मग म्हणाली, "आणि आपली नेहमीची मदतनीसही आहे." मी हसले. कसं हसले ते नवऱ्याने नंतर सांगितलं, त्याचं वर्णन इथे करत नाही.

म्हातारा सुटला. ठरलेला वेळ झाला तरी लढाई संपेना. दलदल, धुकं, उपाशी सैनिक, सगळं सविस्तर. मी फोनवर त्याला मेसेज टाकत होते, पण तो फोन कुठे बघतोय! नवरा एव्हाना थंड फरशीवर घड्यांवर आडवा पडून वाट बघत होता. "अगं, पाठ गारठली. किती वेळ?"

"गप पड."

एकदाची लढाई हरली. माझी पाळी. मी तोंड उघडलं तर टीचर म्हणाली, "आपल्याकडे आता अगदी थोडा वेळ आहे. तर आता कपडे बघू आणि बघता बघता तोच आपल्याला समजावेल, ओके?" आणि तिने मला म्यूट केलं. मी बोलत होते, पडद्यावर माझ्या आवाजावर लाल फुली, आणि म्हातारा म्हणत होता, "हो, हो, तर हा जो पोशाख..."

मी एका हाताने लॅपटॉपवर बटण शोधत होते आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा पट्टा आवळत होते. तो उठला. म्यूट निघालं. मी टीचरला बोलायला लागले, "माझा वेळ ठरलेला होता, निम्मा, तुला लिहून कळवलं होतं," आणि बोलता बोलता हात आपलं काम करत होते. नजर पडद्यावर, डोक्यात जाळ आणि हातात नऊ वार कापड. पुढे लोंबणारं टोक मी उचललं, ते न्यायचं होतं खांद्यावर, पण मी ते नवऱ्याच्या दोन पायांमधून मागे ओढलं आणि कमरेला घट्ट खोचलं. दरवर्षी पाडव्याला खोचते तसं.

नवरा हळूच म्हणाला, पण माइक चालू होता, "अगं ए, धोतर नेसवतेस का मला? कासोटा घातलास!"

मी खाली बघितलं. स्कॉटलंडच्या डोंगरातला माणूस लाल-हिरव्या चौकडीच्या धोतरात माझ्यासमोर उभा होता. हाफ पँटीवर.

म्हाताऱ्याचं कपाळ चौकटीतून गायब झालं. नुसता खोकला आणि हसणं ऐकू येत होतं. पोरं कॅमेऱ्याजवळ तोंडं आणून बघत होती. टीचर डोळे बारीक करून म्हणाली, "इंटरेस्टिंग! हे... पारंपरिक आहे का?"

हो म्हणून सोडून देता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. पण समोर ती पोरं होती आणि मी इतकी वर्षं बोलायची वाट बघत होते. म्हटलं, "पारंपरिक आहे, पण स्कॉटिश नाही. हे माझ्या लोकांचं आहे. रागाच्या भरात माझे हात घरी गेले."

एका पोराने विचारलं, "मग तुमचे लोक असं का करतात?"

मी सांगितलं की आमच्या बायका शेतात वाकून काम करायच्या, घोड्यावरही बसायच्या, कापड मोकळं असलं तर पायांत येतं. तो म्हणाला, "पण स्कॉटिश लोकही पळायचे ना? मग त्यांनी का नाही खोचलं?" हा प्रश्न मला इतका आवडला की टीचर काय म्हणतेय ते मी ऐकलंच नाही. मी कासोटा सोडला, कापड खांद्यावर टाचलं आणि सांगितलं की त्यांच्याकडे सारखा पाऊस आणि चिखल, गुडघे मोकळे असले की कापड भिजत नाही. मग पोशाखबंदी सांगितली. एका मुलीने विचारलं, "कपड्यांवर बंदी? मग ते काय घालायचे?" मी सांगायला लागले आणि टीचरने सगळ्यांचे आभार मानून कॉल संपवला. मेंढ्या राहूनच गेल्या.

तरी मी खूश होते. आठवडाभर खूश होते. मग टीचरने रेकॉर्डिंग पाठवलं, दरवर्षी मुलांना दाखवण्यासाठी कापून नीटनेटकं केलेलं. त्यात म्हाताऱ्याची लढाई अख्खी होती. नंतर माझे हात घड्या घालताना दिसत होते आणि वरून आवाज त्याचा. कासोटा नाही, पोराचा प्रश्न नाही, पोशाखबंदी नाही. माझ्या तोंडून एक शब्दसुद्धा नाही. शेवटी पाटी होती, त्याच्या नावाची, आणि खाली "सोबत मदतनीस."

मी फोन लावला.

"तो भाग मुलांना गोंधळात टाकेल," टीचर म्हणाली. "चूक झाली होती ना तुझी. हवं तर तू तेवढंच नीट पुन्हा रेकॉर्ड करून पाठव, आम्ही जोडू."

"नाही. मी बोलले ते तसंच ठेवा. चुकीसकट. नाहीतर माझे हातही काढा."

"पण मग कपडे कसे दिसणार?"

"तेच तर म्हणतेय."

ती म्हणाली की ती बघेल. त्यांच्याकडेही 'बघू' म्हणतातच. मी वाट बघितली, मग लिहून कळवलं की माझे किल्ट आणि माझे हात असलेलं रेकॉर्डिंग माझ्या परवानगीशिवाय दाखवायचं नाही. नवरा म्हणाला, "एक शाळा गेली तुझी." मी म्हटलं, "जाऊ दे." पण मला ती जायला नको होती. त्या दिवसांत फोन वाजला की मी धावत जायचे, आणि तो दर वेळी कुणाचा तरी सोलर पॅनेल विकायचा फोन असायचा.

पुढच्या वर्षी शाळा पुन्हा भरल्या, बाहेरची माणसं वर्गात यायला लागली, आणि तिचाच फोन आला. स्कॉटिश दिवस वर्गातच करायचाय, किल्ट हवेत.

मी म्हटलं, "किल्ट एकटे येत नाहीत. किल्ट येणार तर बोलणार मी. आणि कागदावर नाव माझं."

तिने दुसरीकडे चौकशी केली असणार. पण पोरांच्या मापाचे किल्ट शहरात फारसे कुणाकडे नाहीत हे तिच्याआधी मला माहीत होतं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "ठीक आहे. पण तोही हजर हवा. पालक विचारतात." मी आणखी ताणू शकले असते, पण पुढे उभं राहून बोलायला मिळत होतं, म्हणून हो म्हटलं.

म्हातारा वर्षभरात वाकला होता. गाडीत बसताना त्याने माझा हात धरला आणि लगेच सोडला. "आज तू बोल," तो म्हणाला. "मी नुसता बसतो." मला वाटलं, खरंच नुसता बसेल.

मी पुढे उभी राहिले. म्हटलं, "स्कॉटलंडच्या डोंगरात..."

"हायलँड्स," खुर्चीतून आवाज.

"हायलँड्समध्ये. तिथे थंडी फार."

"थंडी नाही. ओल. थंडी वेगळी."

पोरं हसली. मी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीकडे बघायला लागला. मी पोशाखबंदी सांगितली, नीट, सगळी. तो मध्येच म्हणाला की त्याच्या गावातल्या लोकांनी किल्ट गवताच्या गंजीत लपवले होते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते खरं का खोटं मला माहीत नाही, पण पोरांनी माझ्याकडून मान वळवून त्याच्याकडे केली ती केलीच. मी जोर लावून परत ओढली. मग गिरण्यांचा भाग आला. मी जरा थांबले. मग सांगितलं की ही नावं गिरणीवाल्यांनी दिली, धंद्यासाठी, आणि हा जगातला सगळ्यात हुशार धंदा होता.

"बकवास!" म्हातारा म्हणाला, इतक्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातलं कुणीतरी डोकावलं.

"तूच म्हणालास खरं आहे म्हणून!"

"फोनवर म्हणालो होतो. इथे नाही!"

"इथे आणि फोनवर खरं वेगळं असतं का?"

"माझ्या आईच्या बाबतीत असतं!"

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "मग तुमच्या आईची शाल खरी होती की नाही?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. मला सांगता आलं असतं, उत्तर माझ्याकडे तयार होतं, चांगलं होतं. तो माझ्याआधी म्हणाला, "तिने ती इतकी वर्षं पांघरली. त्यानंतर ती खरीच."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. माझ्या भाषणात.

परत येताना मी गाडीत बातम्या मोठ्याने लावून ठेवल्या. फ्रीवेला लागल्यावर तो म्हणाला, "तू छान बोलतेस. पण मध्ये श्वास घेतेस तिथे मला संधी मिळते." मी हॉर्न वाजवला. पुढे गाडी नव्हती.

त्याच आठवड्यात टीचरचा फोन आला. मुलांना फारच आवडलं, पुढच्या टर्मला दुसऱ्या वर्गासाठी पुन्हा या. "दोघंही. ते तुमचं भांडण तर नक्की ठेवा."

मी म्हटलं की आम्ही भांडत नाही, आम्ही इतिहास सांगतो, आणि तो खुर्चीत बसून मध्ये बोलणार असेल तर मला मान्य नाही. ती म्हणाली, "मग त्याला एकट्याला बोलवू?" ती हे शांतपणे म्हणाली. घासाघीस तिलाही यायला लागली होती, आणि ती माझ्याकडूनच शिकली होती.

मी अटी सांगितल्या. सुरुवात मी करणार. गिरण्यांचा भाग राहणार. त्याला बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा, पोरांसारखा. आणि कागदावर दोन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरांत, माझं वर.

"माझं वर" यावर ती अडली. "वयाने तो मोठा आहे," ती म्हणाली.

"धंद्याने मी मोठी आहे."

आम्ही अजून तिथेच अडून आहोत. मी सोडणार नाही.